दाजींच्या दोन फळ्या, जबल शम्सवर

मस्कतला वादी कबीरमध्ये माझी ताई राहते. तिच्या हॉलमध्ये पडद्यामागे स्कीच्या दोन लांब फळ्या उभ्या असत. दाजी नोकरीसाठी काही वर्षं ऑस्ट्रियात होते. तिथून ओमानला यायचं ठरलं तेव्हा त्यांनी ताईचा मिक्सर मागे सोडला आणि या फळ्या सामानात घातल्या. ताईने मिक्सर विसरलेला नाही. यंदा तिने निकालच दिला होता: हिवाळा संपेपर्यंत फळ्यांना बर्फ लागला नाही, तर त्या भंगारात जातील.

मी पाहुणा म्हणून पोचलो आणि त्याच आठवड्यात दाजींच्या फोनवर एक व्हिडिओ आला. जबल शम्स (सूर्याचा डोंगर) पांढरा झाला होता. दाजींनी तो व्हिडिओ उभं राहून पाहिला. त्यांच्या मते ती ताजी, भुसभुशीत आणि अस्सल दर्जाची पावडर (स्कीला लागतो तो कोरडा, हलका बर्फ) होती. ताईच्या मते ती दुपारपर्यंत पाणी होणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. गाडी मकबूलभाईंची. ते रत्नागिरीकडचे. गाला भागात त्यांचं गॅरेज आहे, आणि डोंगरावरच्या खडकाळ वाटेला झेपेल अशी फोर बाय फोर ओळखीत त्यांच्याकडेच होती. निझवाच्या पुढे एका पंपावर करक (घट्ट, गोड दुधाचा चहा) आणि अंड्याचा पराठा झाला. चहा निवेपर्यंत दाजींनी आम्हाला हिमकडा कोसळल्यास काय करायचं ते सांगितलं. मला एक शिट्टी मिळाली.

"दाजी, हिते वरून दगड येतो," मकबूलभाई म्हणाले. "शिटी वाजवून तो थांबायचा नाय. यल्ला (चला), ऊन चढला तर तुमचा बर्फ खलास."

वाट वळणावळणांनी वर गेली. तपकिरी डोंगर, त्यांच्यामागे आणखी तपकिरी डोंगर, मधूनच एखादं वाकडंतिकडं झाड आणि त्याच्याखाली शेळ्या. डांबर संपलं, पठार आलं, आणि खरंच, सावलीतल्या उतारांवर पांढरं काही दिसू लागलं. जवळून पाहिलं तर थोडा बर्फ आणि बऱ्याच गारा. बटाटेपोह्यांवर खोबरं जितकं पडतं, तितकाच त्याचा थर. मी हे मोठ्याने बोललो नाही.

गाडी सोडून आम्ही चढू लागलो. ऑस्ट्रियात म्हणे फळ्या पायांत घालूनच चढतात. त्यांच्या तळाला केसाळ पट्टा लावला की त्या मागे घसरत नाहीत. इथे बर्फाच्या दोन तुकड्यांमध्ये भरपूर ओमान होतं, त्यामुळे फळ्या खांद्यावर आल्या. एक माझ्या, एक मकबूलभाईंच्या. दाजींच्या पाठीवर स्कीचे बूट होते. ते इतके जड की त्यांना चालताना पाहून डोंगरालाच दया यावी. वर दगडी झोपडी आहे, तिथे विसावा घेऊन मग खाली घसरायचं, असा बेत होता.

झोपडी निघाली एका मेंढपाळाची. सालिम नावाचे म्हातारबाबा दारात बसून छपराच्या मोडक्या वाशाकडे बघत होते. गारांनी तो मोडला होता. आम्हाला पाहताच त्यांनी खजूर पुढे केले आणि कहवा (वेलदोडा घातलेली कोरी कॉफी) ओतला. फळ्यांवरून हात फिरवला, वाकवून पाहिल्या आणि मनापासून तारीफ केली. मकबूलभाईंनी सांगितलं, "म्हणतात, काय सुरेख लाकूड आहे."

दाजींनी कुठेतरी वाचलं होतं की अरबांमध्ये एखाद्या वस्तूची तारीफ झाली की ती देऊ करायची, मग समोरचा नको म्हणतो आणि दोघांचीही शान राहते. आपल्याकडे नाही का, पाहुणा चपला घालत असताना आपण म्हणतो, जेवूनच जा. दाजी उठले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तफद्दल (घ्या ना)."

सालिमबाबांनी घेतल्या. दोन्ही. दाजींना तोंडभर दुवा दिला आणि फळ्या मोडक्या वाशाशी लावून लांबी पाहिली. बरोबर बसत होती.

दाजी खाली बसले. फळ्यांना अजून बर्फाचा कणही लागला नव्हता, आणि बाहेर ऊन चढत होतं. मकबूलभाई हळूच म्हणाले, "मी बोलू काय त्यांना?" दाजींनी नकारार्थी मान हलवली. दिलेलं परत मागायचं नाही. हे ते इतक्या साधेपणाने म्हणाले की शिट्टी मिळाल्यापासून पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

तेवढ्यात सालिमबाबांनी काहीतरी विचारलं. मकबूलभाईंना हसू आवरेना. "विचारतात, पण हे असतं कशासाठी?"

दाजींनी बूट इतक्या वेगाने चढवले की कहवा सांडला. झोपडीमागे सावलीत जेमतेम बॅडमिंटनच्या कोर्टाएवढा उतार पांढरा होता. दाजी वाकले, सुटले, एक वळण घेतलं, आणि ते खरोखर सुंदर होतं. दुसरं वळण दगडांवर आलं. फळ्या करकरल्या आणि दाजी एका झुडपात बसले. शेळ्या पांगल्या. सालिमबाबा डोळे पुसत हसत होते. दाजींनी फळ्यांवरचा बर्फ बाहीने पुसला आणि त्या मालकाला परत केल्या. मग आम्ही त्या मोडक्या वाशाच्या जागी बसवून दिल्या.

निघताना सालिमबाबांनी आमच्या खिशांत खजूर कोंबले. मकबूलभाईंनी त्यांचा निरोप सांगितला: "बर्फ पडला की या. छपरातून काढून देईन. मग परत लावू."

संध्याकाळी ताईने दार उघडलं, आमच्या मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, "लागला बर्फ?"

"लागला," दाजी म्हणाले.

"मग हे बूट कशाला परत आणलेत?"

"ते लागतील."

जग पाहायला लोक लांब जातात आणि फोटो घेऊन येतात. आम्ही गेलो आणि वासा बसवून आलो. असा हिशेब मला तरी आवडला. बूट आता पडद्यामागे, फळ्यांच्या जागी आहेत. ताईने त्यांत घरातल्या छत्र्या उभ्या केल्या आहेत. मस्कतमध्ये त्यांचीही गरज साधारण तितकीच पडते.