मामांची बहारीन-प्रदक्षिणा

बहारीनमध्ये काही काम नसताना पायी चालणारा माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही सगळे पाय पसरून झोपायचो. मामा पडले साताऱ्याकडचे. आठवड्यातून एकदा पायाखाली खडक आला नाही तर त्यांच्या अंगी अन्न लागत नसे. इथे गड नाहीत म्हणून त्यांनी चुनखडीच्या माळावरच समाधान मानलं होतं. ते काठीने जमीन ठोकत आणि म्हणत, "ऐका जावईबापू, आतून पोकळ आहे. पाण्यानं पोखरलंय सगळं. म्हणून तर वाळवंटात झरे!" मला कधीच काही ऐकू आलं नाही, पण मी मान डोलवायचो.

मामांना एकच ध्यास. मनामातल्या आमच्या घरून निघायचं, झऱ्याचं तळं, सलमाबाद, आली गावच्या थडग्यांच्या टेकड्या, बारबारचं पुरातन देऊळ, समुद्रकाठचा किल्ला, आणि अंधाराच्या आत परत दारात. उजवी प्रदक्षिणा, एका दिवसात, गाडीत पाय न ठेवता. तीनदा ती मोडली, तीही लोकांच्या चांगुलपणामुळे. उन्हात चालणारा दिसला की इथला माणूस गाडी थांबवणारच. "रफीक, बैठो!" आणि मामांना नाही म्हणता येत नसे. घरी आले की दोन दिवस ते स्वतःशीच अबोला धरत.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांचा नोकरीचा करार संपला. कंपनी वर्षभर वाढवून द्यायला तयार होती, गावी मामी वाट पाहत होत्या. मामांनी जाहीर केलं, "या शुक्रवारी प्रदक्षिणा पुरी झाली तर गावी जातो. नाही झाली तर शनिवारी सही करतो." गाडीवाल्यांना नाही म्हणायला कुणीतरी हवं म्हणून मला बरोबर घेतलं.

आली गावापर्यंत मी चार गाड्या परतवल्या. बारबारला मामांनी बूट काढले. तिथे नुसते पडके चौथरे, देव कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. "कुठलाही असेना, पायताण घालून कसं जायचं?" मग मीही काढले. चौथऱ्याला फेरी मारून येतो तर दोन्ही जोड गायब. मला अगदी गावच्या देवळात आल्यासारखं वाटलं.

पुढचा मैलभर खडक तळव्यांना किसणीसारखा लागत होता. तेवढ्यात मागून पिकअप आला. पुढच्या काचेशी आमचे बूट! बेवारशी समजून एका बागवानाने उचलले होते आणि बिचारा मालकांना शोधत फिरत होता. आमचे पाय पाहून त्याने दारच उघडलं. "बैठो, घर छोडता." माझा एक पाय आत गेलासुद्धा. आणि मामा, जन्मात कुणाला नाही न म्हणालेले मामा, बूट छातीशी धरून म्हणाले, "शुक्रन भाई. लेकिन आज नहीं!" बागवान खो खो हसला आणि त्याने आमच्या ओंजळी खजुरांनी भरल्या. मी पाय गुपचूप बाहेर काढला.

किल्ल्यावरून आम्ही जवळजवळ धावतच सुटलो. दिवे लागायच्या आत मामांनी दाराच्या चौकटीला हात लावला आणि अशी आरोळी ठोकली की गल्लीतल्या साऱ्या खिडक्या उघडल्या. मलबारी हॉटेलवाला चहा घेऊन आला, हिने ओवाळलं. मामा लहान मुलासारखे रडले आणि हसले. मग पायरीवर बसून म्हणाले, "जावईबापू, आता मी जायला मोकळा."

मी टाळ्या वाजवत होतो. इतकी वर्षं त्यांच्या शुक्रवारांना मी मनातून वैतागलो होतो. पण ते ऐकलं आणि माझ्या टाळ्या थांबल्या. त्या पिकअपमध्ये मी दुसराही पाय टाकायला हवा होता. मामा अजून वर्षभर राहिले असते.