आसेगावचं हुकलेलं मत

शेलूबाजारला एसटीतून उतरलो आणि आसेगावच्या जीपमध्ये कोंबून बसलो. शेजारच्या कास्तकाराची (शेतकऱ्याची) नजर माझ्या फाइलवरून हलेना.

"कोनाचे मानूस तुमी? जमीन मोजाले आले का?"

"नाही हो. वकिलाच्या कामाला आलोय."

तो आणखी सरकून बसला. मोजणीवाला परवडला, वकिलाचा माणूस नको, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मीही कमी संशयी नाही. फाइल मांडीखाली घेतली.

कैद्यांना मतदान करू न देणाऱ्या कायद्याला माझ्या वकील मित्राने हायकोर्टात आव्हान दिलं आहे. मारामारीपायी दीड वर्ष तुरुंगात काढलेल्या सुदामरावांचं प्रतिज्ञापत्र त्याला हवं होतं. त्यांच्या घरी पोचलो तर गुंफाबाईंनी, त्यांच्या बायकोने, आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा.

सुदामराव कागद उलटसुलट करत म्हणाले, "जेलात व्हतो तवा मत हुकलं, खरं हाये. पन आताबी कुठं देता येते?"

"सुटलात ना? मग देता येतं! बंदी आत असेपर्यंतच."

त्यांचा घास हातातच राहिला. "मंग तीन इलेक्शनं मी वावरात (शेतात) काहून बसलो? मतदानाची चिठ्ठीच येत नाई मले."

इथे पाणी मुरतंय, मी मनाशी म्हटलं. कुणी तरी पुढारी चिठ्ठी अडवत असणार! चिठ्ठ्या वाटणाऱ्या अंगणवाडीच्या ताई शेजारीच राहतात. तडक त्यांना गाठलं.

"दरवेळी गुंफाबाईच्या हातात देल्ली," त्या म्हणाल्या.

परत आलो तर गुंफाबाईंनी स्वतःच सांगून टाकलं. "चुलीत घातल्या म्या. मत द्याले गेले तवाच बूथवर एकाचं डोकं फोडलं यायनं. दीड साल एकटीनं वावर केलं. पुन्हा धाडू?"

सुदामरावांनी हात धुतले. मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "सरकारनं एक इलेक्शन हुकवलं, हिनं तीन. एकट्या सरकारच्या नावानं सही कशी करू, साहेब?"

मी कायदा समजावला, विनवलं, थोडा चिडलोही. त्यांनी सही केली नाही.

परतीच्या वाटेवर मित्राला काय सांगायचं याचा विचार करत होतो. असा माणूस बूथवर गेला तर पुन्हा डोकी फुटतील, ही कायदा करणाऱ्यांना वाटली असेल तीच भीती त्या बाईलाही वाटते. कायद्याशी भांडायला आमच्याकडे मुद्दे आहेत. गुंफाबाईंना काय उत्तर द्यायचं, ते मंगरूळपीर आलं तरी मला सुचलं नव्हतं.