कन्यादानाच्या फोटोतलं दार

"तोंडावर जे पाहुणं म्हणून आलंय तेवढं मी काढतो, घरच्याला हात लावत नाय."

सूर्यभान हे एका नवरीच्या आईला म्हणाला होता. मुलीच्या हनुवटीवरचा तीळ अल्बममधून घालवा, असं तिचं म्हणणं होतं. मुलगी शेजारीच बसली होती. सूर्यभानचं बोलणं ऐकून तिनं हनुवटीवरचा हात काढला आणि तीळ राहिला. पुढं हे वाक्य शहरातल्या फोटोग्राफर लोकांत फिरत राहिलं, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चेष्टेनं.

क्रांती चौकातून उस्मानपुऱ्याकडं जाताना एका औषधाच्या दुकानावर त्याची खोली आहे. तो स्वतः फोटो काढत नाही. मांडवाच्या गर्दीत स्टुलावर चढून उभं राहणं त्यानं केव्हाच सोडलं. सिल्लोडपासून बिडकीनपर्यंतचे फोटोग्राफर लग्नं आणून त्याच्या टेबलावर टाकतात आणि तो ती निस्तरतो. खिडकीला काळा कागद आहे, कारण बाहेरचा उजेड आत आला की पडद्यावरचा रंग फसवतो. त्यामुळं भर वैशाखातही तो अंधारात असतो आणि समोर कुणाचं तरी लग्न चाललेलं असतं, आवाज नसलेलं.

पाहुणं म्हणजे पुटकुळी, जागरणानं आलेली काळी वर्तुळं, कानामागं राहिलेली हळद, नाकावरचा घाम. घरचं म्हणजे तीळ, व्रण, देवीचे खड्डे, पुढं आलेला दात, आजीच्या कपाळावरचं गोंदण आणि कातडीचा रंग. रंगाच्या बाबतीत तो विशेष हट्टी. एकदा दुसरीकडून बिघडवून आणलेला एक अल्बम त्याच्याकडं आला. श्रेया नावाच्या नवरीचं तोंड दुधासारखं पांढरं केलेलं आणि मेंदीचे हात तसेच सावळे. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "तोंड एकीचं, हात दुसरीचे. नवरा कुनासंगं नांदनार?"

सिल्लोडकडचा शिवम नावाचा एक नवरदेव तर स्वतःच जिना चढून आला होता.

"दादा, दाढी जरा भरून द्या ना. मधी मधी जागा सुटलीय."

"दाढी तू उगवायची, बाबा. मी कुठून आनू?"

"कॉम्प्युटरमधी असंल की."

"कॉम्प्युटरला कुठं दाढी असती व्हय? आन् सासऱ्यानं तुला बिनदाढीचा बघूनच पोरगी दिली ना?"

शिवम हिरमुसून गेला, पण जाताना खाली दुकानात हसत होता म्हणतात.

हा हट्ट त्याला बापाकडून आला असावा. बाप कडुबा मेंढरं राखायचा. सगळी मेंढरं सारखीच दिसतात, असं कुणी म्हटलं की त्याला ते खरंच समजत नसे. ही कान चिरलेली, हिच्या डोळ्याखाली काळं, ही वाकड्या तोंडाची. संध्याकाळी वाड्यात घेताना तो मोजत नसे, तोंडं बघे. सूर्यभान शहरात आला तेव्हा एका जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकला. अणकुचीदार शिशाचे बारीक ठिपके देत सुरकुत्या पुसायच्या. उस्तादानं त्याला बजावलं होतं, पेन्सिल दिसली की काम बिघडलं. त्याचा हात चांगला होता. पण एखाद्या म्हाताऱ्याच्या गालावरची रेघ पुसून झाली की त्याला वाटायचं, संध्याकाळी बापाला हा ओळखू आला नसता.

मग पेन्सिल गेली, कॉम्प्युटर आला, आणि पुसणं फार सोपं झालं. बायको रत्नमाला म्हणायची, "लोकाला गोरं करून देत नाय म्हनून गिऱ्हाईक पळतंय, आन् घरी माझ्या आधार कार्डाच्या फोटोला हसता."

"त्याला कोन हसत नाय?" तो म्हणायचा.

मोनिका आली ती लग्नानंतर महिन्याभरात. माहेर बिडकीनचं, स्वतः चिकलठाण्याला एका कंपनीत नोकरीला. तिचं लग्न सूर्यभानच्या टेबलावर आधीच येऊन पडलं होतं. खुर्चीवर बसायच्या आत तिनं मोबाइलमधला एक फोटो पुढं धरला. कन्यादान चाललेलं. मोनिकाच्या ओंजळीखाली नवऱ्याची ओंजळ, आणि पाणी सोडणारे तिचे काका साहेबराव आणि काकू सत्यभामा.

"मामा, या दोघांना काढायचं आणि इथं माझ्या आईला बसवायचं. आईचा बसलेला फोटो मी आणलाय."

सूर्यभाननं फोटो पाहिला. "ह्यायनीच दिलं ना कन्यादान?"

"दिलं. पप्पा मी अकरावीत असताना गेले. मग काका-काकूच बसले." तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. "आईला कुणी बस म्हणलंच नाही. नको असंही कुणी म्हणलं नाही. काका म्हणले, वहिनी, बॅगांपाशी कुणीतरी पाहिजे. कार्यालयात खोली होती आमची, तिथं ती बसली. सगळ्या लग्नात बॅगांपाशी."

हे सूर्यभानला नवं नव्हतं. अशा बाया त्याला फोटोंमधून ठाऊक होत्या, म्हणजे फोटोंत नसल्यामुळं ठाऊक होत्या. हळदीला नाहीत, ओवाळायला नाहीत. पंगतीच्या एखाद्या फोटोत कडेला अर्धा खांदा.

"पोरी, बसले ते घरचेच हायेत. त्यायला मला काढता येनार नाय."

"मग माझी आई कोण?"

त्यानं मोबाइल उचलून फोटो पुन्हा पाहिला. तो एवढंच म्हणाला, "बघतो. असंल कुठं तरी ती."

पुढचे कितीतरी दिवस तो इतर कामं करता करता मोनिकाचं लग्न चाळत राहिला. सुरेखाबाई, म्हणजे मोनिकाची आई, कुठंच नव्हती. आणि मग एका दुपारी त्या कन्यादानाच्याच फोटोत, साहेबरावांच्या फेट्याच्या वर, मागच्या काळोखात त्याला चौकटीवर ठेवलेला एक हात दिसला. फ्लॅशचा उजेड तिथवर पोचला नव्हता. त्यानं तो कोपरा मोठा केला. दार अर्धं उघडं होतं. हातामागं साडीचा काठ होता, काठामागं चेहरा.

ती बॅगा सोडून आली होती.

सूर्यभाननं त्या चेहऱ्यावर चढवला तेवढा उजेड क्वचितच कुणावर चढवला असेल. त्यानं काहीच पुसलं नाही, काहीच जोडलं नाही. फक्त काळोख पातळ करत नेला. हळूहळू डोळे आले, ओले. उघडं तोंड आलं. दाताखाली धरलेला पदर आला. तिकडं नजर जावी म्हणून त्यानं पुढची माणसंही थोडी मंद केली आणि तो फोटो अल्बमच्या दोन पानांवर पसरला. घरच्याला हात न लावता घरचं माणूस घरात आणलं, असं त्याला वाटलं. एरवी अल्बमची पानं तो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. या वेळी लॅपटॉप घेऊन तो स्वतः बिडकीनला निघाला. ती बाई पानावर स्वतःला बघेल तेव्हा त्याला समोर असायचं होतं.

मोनिका त्या दिवशी माहेरी आलेली होती. सगळे पुढच्या खोलीत जमले. साहेबराव लॅपटॉपच्या अगदी समोर बसले. सत्यभामाबाईंनी गुडघ्याखाली उशी घेतली. सुरेखाबाई आतल्या दाराशी उभी राहिली, बस म्हटलं तरी उभीच. पानं उलटत गेली तशा गप्पा रंगल्या.

"हे बघा, जेवताना कसा काढलाय मला, तोंड भरलेलं," साहेबराव म्हणाले. "हे काढता येतं का हो?"

"जिलेबी काढता येईल, मालक. तोंड तसंच राहील."

सत्यभामाबाई पदर लावून हसल्या. मग ती दोन पानं आली.

मोनिकानं आईकडं पाहिलं. सुरेखाबाई पडद्याकडं बघत होती. पडद्यावर तीच होती, दारात, उजेडात.

सत्यभामाबाई पुढं वाकल्या. "अगं बाई. तुमी तिथं कधी आल्या?"



"वहिनी," साहेबराव म्हणाले, "बॅगा सोडून आल्या व्हत्या तुमी?"

"काका, बॅगांचं काय घेऊन बसलात?" मोनिका म्हणाली.

"बॅगांचं नाय गं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, बोटाखाली त्यांचाच फेटा होता. "हा अल्बम तुझ्या सासरी जानार. पाहुनेरावळे बघनार. काय म्हनतील? साहेबरावनं भावजयीला दारात उभी केली."

साहेबरावांना आपण काय बोललो ते बहुधा बोलल्यावर समजलं. ते मान खाली घालून म्हणाले, "काढा ते. सूर्यभानराव, मागचं दार काळं करून टाका."

"काढायचं नाही," मोनिका म्हणाली. "मामा, उलट अजून पुढं आणा."

"मी का हौसेनं बसले व्हते पाटावर?" सत्यभामाबाई मध्येच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "बसा म्हनले, बसले. गुडघे फुटले माझे. आता सगळ्यात वाईट मीच दिसनार."

सूर्यभान लॅपटॉपवर हात ठेवून बसला होता. पडद्यावरचा चेहरा आता त्यालाही वेगळा दिसू लागला. ओला, उघडा, सगळ्यांपुढं धरलेला. पेन्सिल दिसत होती.

तेव्हा सुरेखाबाई दारातून पुढं आली आणि त्याच्या खुर्चीशी उभी राहिली.

"भाऊ, हे तुमी केलं?"

"मी नुसता उजेड दिला, ताई. बाकी कायबी केलं नाय. तुमीच हायेत त्या."

"नाय." ती शांतपणे म्हणाली. "मी उजेडात नव्हते. मी लपून बघत व्हते. कुनाला दिसू नये असं उभी राह्यले म्हनून तर पोरीचे हात दिसले मला. कुनी पाह्यलं असतं तर मागं फिरावं लागलं असतं." तिनं मोनिकाच्या पाठीवर हात ठेवला. "तेवढं एक माझं व्हतं. ते तुमी सगळ्यायला वाटून टाकलं."

"मंग काढून टाकू द्या त्यायला, वहिनी," साहेबराव हळूच म्हणाले. "तुमालाच नको तर."

सुरेखाबाईनं दिराकडं पाहिलं. त्या घरात ती त्यांच्याकडं अशी सरळ बघत नसावी, कारण साहेबरावांनीच नजर वळवली.

"काढायचं नाय, भाऊजी. मी व्हते तिथं." मग ती सूर्यभानला म्हणाली, "जशी व्हते तशी ठेवा."

"आई, कुणाला कळणारच नाही मग," मोनिका म्हणाली.

"तुला कळलं ना आता?"



सूर्यभाननं पुढची माणसं आधी मूळच्या उजेडात आणली. साहेबरावांचा फेटा पुन्हा लाल झाला, ओंजळीतलं पाणी चमकलं. मग तो दाराकडं वळला. त्याला एका झटक्यात सगळं पुसता आलं असतं, पण त्यानं पडद्यावरचा उजेड कमीजास्त करायचा काटा धरून तो हळूहळू खाली आणला. दाताखालचा पदर गेला.

"अजून," सुरेखाबाई म्हणाली.

तोंड गेलं. डोळ्यांच्या जागी दोन बारीक ठिपके राहिले.

"अजून थोडं."

ठिपके गेले. काठ गेला. चौकटीवरचा हात होता की नव्हता, असा राहिला.

"बास."

सगळे वाकून बघू लागले. सत्यभामाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आता तर कायच दिसत नाय, बाई."

"मला दिसतंय," सुरेखाबाई म्हणाली.

मोनिकानं बोट पुढं नेलं, काळोखात बरोबर त्या जागी टेकवलं आणि तसंच ठेवलं. साहेबराव त्या बोटाकडं बघत राहिले. मग ते उठले, आतून एक खुर्ची आणून भावजयीपाशी ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी बसले. सुरेखाबाई बसली.

सूर्यभाननं पान जतन केलं. बोट बाजूला होईपर्यंत तो थांबला, मग त्यानं लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. त्याच्यापुढं ठेवलेला चहाचा कप तसाच होता, वर साय धरलेली. कुणीतरी चहाचं म्हणालं. त्यानं सुरेखाबाईला हात जोडले, उंबऱ्याशी चपला पायात सरकवल्या आणि तो बाहेरच्या उन्हात निघून गेला.