घरी भरलेली काडतुसं

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आले तेव्हा माझ्याकडे नोकरी सोडून सगळं होतं. भोसरीच्या कारखान्यात सहा वर्षं मी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. माझ्या हातात मापं घ्यायचा व्हर्नियर दिसला की भलेभले सुपरवायझर चाचरायचे. इथे मात्र डच येत नाही म्हणून कुणी दारात उभं करेना. आणि बाहेर ते आभाळ! नोव्हेंबरपासून तोंड पाडून बसलेलं.

नवऱ्याला एनसीसीपासून नेमबाजीचं वेड. इथल्या क्लबात जाऊन त्यानं रीतसर परवाना काढला आणि लगेच कुरकुर सुरू झाली, "अगं, विकतची काडतुसं म्हणजे नुसता पैशांचा धूर!" मग माळ्यावर काडतुसं भरायचं, हातानं दाबायचं एक यंत्र आलं, बंदुकीची दारू तोलायचा नाजूक काटा आला. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी टाकायची नाही. साफ करून तिच्यात नवी दारू भरायची, नवी गोळी बसवायची. निम्म्या खर्चात काम होतं, असं त्याचं गणित.

दारू तोच भरायचा, माझ्याकडे परवाना नव्हता. पण त्याआधीचं सगळं किचकट काम हळूहळू माझ्याकडे आलं. रविवारी तो पिशवीभर काळवंडलेल्या पुंगळ्या आणायचा. त्या मी धुवायच्या, जुन्या पंच्यावर सांडग्यांसारख्या वाळत घालायच्या, मग एकेक उजेडात फिरवून तडा बघायचा, लांबी मोजायची, जास्त भरली तर कापून घासायची. तडा गेलेली एखादी सुटली तर बंदूक झाडताना हाता-डोळ्यांवर बेतू शकतं. माझ्या हातून चार वर्षांत एकही सुटली नाही.

खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडायचं. फोनवर आई विचारायची, "दिवसभर करतेस काय गं?" मी विषय बदलायचे. पण मनात म्हणायचे, घरात पैसे आणत नसेन, जाणारे तर वाचवतेय ना. ही माझी कमाई. तेवढ्यावर मी कित्येक ओले सोमवार काढले.

पाचव्या वर्षी, डचच्या परीक्षेत दोनदा आपटून तिसऱ्यांदा पास झाल्यावर, एका छोट्या वर्कशॉपमध्ये मला तपासणीचं काम मिळालं. सायकलनं चाळीस मिनिटं, येताना समोरून वारा. घरी पुंगळ्या साठत गेल्या. दोन रविवार नवरा स्वतः माळ्यावर बसला. तिसऱ्या रविवारी खाली येऊन म्हणाला, "ते यंत्र विकून टाकू या. घरी भरणं काही परवडत नाही."

"कालपर्यंत परवडत होतं की रे!"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पहिल्या महिन्यापासूनचा हिशोब होता. दारू, गोळ्या, यंत्राची झीज, अगदी विजेचं बिलसुद्धा. या महिन्यात खाली एक नवी ओळ आली होती: वेळ. पुंगळ्या धुण्या-मोजण्यात गेलेले त्याचे सात तास, त्याच्या ऑफिसच्या पगाराच्या दरानं. मी मागचे महिने बघत गेले. चार वर्षांत ती ओळ कुठेच नव्हती.

"आणि माझे तास?"

तो गोंधळला. "तुझे? अगं, तू तर घरीच होतीस तेव्हा."

चिडून बोलला असता तर मी चांगली भांडले असते. भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण मी काय विचारतेय हे त्याला खरंच कळत नव्हतं. आणि ते समजावून सांगायची वेळ आपल्यावर यावी, याचंच मला इतकं रडू आलं की मी उठून बाथरूमचं दार लावून घेतलं.