मागच्या रांगेतल्या बाई

लॅबमधली नोकरी गेली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. दोन महिने घरात बसून काढल्यावर शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अगं, इथे अमेरिकेत शाळांना केमिस्ट्रीचे शिक्षक मिळत नाहीयेत. तुझं बी.एड. नसलं तरी चालतं. परीक्षा दे, शिकवायला लाग, संध्याकाळी बी.एड.सारखे क्लास कर. शिक्षकाचं लायसन्स मागाहून मिळतं."

"या वयात?" नवरा हसला. "ती पोरं खातील यार तुला!"

मी फॉर्म भरला.

एडिसनपासून अर्ध्या तासावरच्या एका हायस्कूलमध्ये नोकरी मिळाली. माझ्यासारख्या नवख्यांच्या पाठीशी शाळा एक अनुभवी शिक्षक देते. मला मिळाल्या त्या साठी ओलांडलेल्या, बायॉलॉजी शिकवणाऱ्या बाई. आखूड पांढरे केस, पायात धावायचे बूट, काखेत पिवळी वही. माझ्या तासाला त्या मागच्या रांगेत येऊन बसायच्या.

पहिल्यांदा त्या आल्या त्या दिवशी मी नागपूरच्या कॉलेजात आम्हाला शिकवायचे तसंच शिकवलं. तोंड फळ्याकडे आणि समीकरणांमागून समीकरणं. वर्ग अगदी चिडीचूप. मला वाटलं, काय शिस्त आहे!

तास संपल्यावर बाईंनी वही उघडली. "तू एकोणीस प्रश्न विचारलेस. एकोणीसही उत्तरं तूच दिलीस."

माझे डोळे भरून आले. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि शेजारी बसल्या. "तुला शांततेची भीती वाटते. मलाही वाटायची. उद्या प्रश्न विचारलास की मनात दहापर्यंत मोज. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी ग्लासभर पाण्यात मीठ ढवळलं आणि विचारलं, "मीठ गेलं कुठे?" मग हाताची घडी घालून मोजायला लागले, मराठीतच. चारला कुणीतरी पेन खाली पाडलं. सहाला एकजण खोकला. जीभ नुसती वळवळत होती माझी! आठला कोपऱ्यातून बारीक आवाज आला. वर्षापूर्वीच ग्वाटेमालाहून आलेली ती मुलगी. तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"मिस, ते गेलं नाही. पाणी खारट लागेल ना? म्हणजे ते आहे. फक्त दिसत नाही."

सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. बाईंचं पेन वहीवर तसंच थांबलं होतं.

तो हिवाळा आठवला की अजून बरं वाटतं. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर बर्फातून गाडी हाकत क्लासला जायचं आणि घरी येऊन गार वरणभात खायचा. शुक्रवारी मी डब्यात दोघींपुरते पोहे न्यायचे. बाई काट्याने एकेक शेंगदाणा वेचून आधी खायच्या आणि मग म्हणायच्या, "आता सांग, या आठवड्यात काय बिघडलं?" मी सांगत बसायचे. त्या क्वचितच उपाय सुचवायच्या. बोलता बोलता मलाच तो सापडायचा.

जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या वर्गातल्या कुंड्या मी गाडीपर्यंत पोचवल्या. डिकी लावताना त्या म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्षी मागे कुणी बसलं नव्हतं. वाईट शिकवते हे कळायलाच मला नऊ वर्षं लागली."

लायसन्स पुढच्या वर्षी ईमेलने आलं. मी लगेच त्यांना फोन लावला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "नीट वाचून दाखव. सगळं. सहीसकट."