राक्षसाला आवाज हवाय

गेम बनवायला घेतला की आधी बग साचतात, मग किस्से. बग निदान दुरुस्त करता येतात. किस्से आम्ही तिघं चहाला बसलो की परत निघतातच. मी कोडिंग करतो, पशा चित्रं काढतो, रोहिणी आवाज बघते. बारामतीत एका भाड्याच्या खोलीत आमचा स्टुडिओ. गेममध्ये एक हिरो, वाटेत दरोडेखोर, वर किल्ल्यात राक्षस.

माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, सरळ सांगितलं होतं, "घरच्या उसाला तोड येस्तोवर काय असंल ते दाखव. न्हायतर इंदापूरला मामाच्या खताच्या दुकानात बसायचं." मामांनी माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. मला ती खुर्ची स्वप्नात दिसायची.

*

राक्षसाच्या डरकाळीसाठी रोहिणी माईक घेऊन पिंपळीला एका मावशींच्या गोठ्यात गेली. त्यांची म्हैस जोरात ओरडते असं ऐकलं होतं.

मावशींनी विचारलं, "आवाज कशाला पायजे?"

"राक्षसासाठी."

मावशींनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग ही नको. ही लई गरीब हाय. शेजारच्यांची घ्या."

*

एकदा हिरो चालता चालता जमिनीतून आरपार खाली जायला लागला. आमचे घरमालक आबा दारात उभं राहून बघत होते.

"किती खाली गेला?"

"थांबतच नाही, आबा."

"पाणी न्हाय लागलं?"

"नाही."

"मग सोडा. दुसरीकडं बोरचा पॉइंट बघा," म्हणाले आणि गेले.

*

पशानं कोऱ्हाळ्याच्या त्याच्या चुलत्यांचा चेहरा एका दरोडेखोराला लावला. न विचारता. चुलत्यांना कुणीतरी सांगितलं, ते तडक खोलीवर आले. पशा घाबरून टेबलाखाली जाऊन बसला.

चुलत्यांनी स्वतःला स्क्रीनवर नीट बघितलं. हिरोनं तलवार मारली, चुलते पडले.

"दरोडेखोर केलास, त्याचं काय न्हाय," ते म्हणाले, "पण एका फटक्यात मरतो व्हय मी? पाव्हण्यांनी बघितलं तर?"

आता त्यांना मारताना खेळणाऱ्याची दमछाक होते. दरोडेखोरांचा सरदारसुद्धा त्यांच्याआधी मरतो.

*

आणि मग घरच्या उसाला तोड आली. तात्या शेळगावहून सकाळीच हजर. मी कंट्रोलर हातात दिला, बटणं समजावली. किल्ल्याचा खंदक रिकामा करायला हिरोनं कालव्याचं गेट उघडायचं, पाणी खालच्या शेतात जातं, मग वर जाऊन राक्षसाशी लढायचं. शेवटची लढाई. पशानं त्यावर सगळा उन्हाळा घातला होता.

तात्यांनी गेट बरोबर उघडलं. पाणी चारीतून शेतात जायला लागलं. आणि हिरो बांधावर जाऊन उभा राहिला.

बराच वेळ गेला. वर राक्षस फेऱ्या मारत होता.

मी हळूच म्हणालो, "तात्या, किल्ल्यात जायचंय. राक्षस वाट बघतोय."

"बसू दे त्याला. पाणी सोडून कुठं जाऊ?"

पाणी शेताच्या मध्यापर्यंत गेलं आणि थांबलं. पुढं टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, आम्ही काही बनवलंच नव्हतं, तिथं कोण बघणार म्हणून. तात्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला.

संपलं, असं मला वाटलं. विचारलं, "मग दुकानात कधीपासून बसू?"

"दुकानाचं काय घिऊन बसलास?" तात्या स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "आधी ह्या टेलच्या लोकांना पाणी दे."