बाबांचा कॉम्प्युटर पुन्हा बोलायला लागला

मंडळी, कॅन्टीनमध्ये बसून लिहितेय. आज सकाळी पोलादपूरला आमच्या घरात फार टेन्शन होतं.

बाबा निवृत्त शिक्षक. नजर गेल्यापासून कॉम्प्युटर त्यांना पेपर, पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवतो. आज मात्र तो चालू व्हायचा, पंखा फिरायचा आणि लगेच बंद पडायचा.

महाडच्या दुरुस्तीवाल्याला स्पीकरवर फोन केला. "मदरबोर्ड गेला असेल ताई. एवढा जुना आता मिळायचा नाय."

बाबांनी ते ऐकलं. चहा तसाच ठेवून ते खिडकीशी जाऊन बसले.

एमआयडीसीतली माझी पाळी दुपारची होती, तोवर हाताशी वेळ होता. प्लग काढून कॉम्प्युटरचा डबा उघडला. रॅम पुसून परत बसवली. काही फरक नाही.

पुन्हा बटण दाबलं तसे बाबा म्हणाले, "थांब गो. बटण दाबलं की टक् वाजतं, सोडलं की परत टक्. आज दुसरं वाजलंच नाय."

बटण आतच अडकत होतं! कोणीतरी दाबून धरल्यासारखं, आणि दाबून धरलं की मशीन बंदच होतं.

मदरबोर्डवरून बटणाची वायर काढली आणि तिथल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या, म्हणजे बटण दाबून सोडल्यासारखंच. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. थोड्या वेळाने कॉम्प्युटर बोलायला लागला.

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "जा आता, बस चुकेल तुझी," एवढंच म्हणाले.

रविवारी नवीन बटण बसवीन. तुमच्या घरात अशी कुठली वस्तू आहे, जी बंद पडली की माणूसच गप्प होतं?